सायलेन्सर बदलला, पिकअप किती वाढला?

(दृश्य: नाशिकचा गंगापूर रोड, रात्र. सिग्नल हिरवा होतो.)

पांढरी हॅचबॅक निघते आणि चहाच्या गाड्यावरच्या सगळ्या माना एकदम वळतात. गाडी बाराशे सीसीची, चार सिलिंडरची. एरवी घरच्यांना त्र्यंबकला नेऊन आणणारी. आवाज मात्र असा, की बॉनेटखाली भलतंच काहीतरी बसवलंय असं वाटावं. मालकाला विचारा, तो छातीठोक सांगेल, "पिकअप डबल झालाय, भाऊ."

डबल तर नक्कीच नाही. मग किती वाढला? वाढला तरी का? आणि कुठे कमी तर झाला नाही ना?

(दृश्य: मायको सर्कल, सातपूरकडे जाणारी सकाळची गर्दी.)

इंजिन या शहराला नवीन नाही. सातपूरला महिंद्राच्या गाड्या तयार होतात. मायको सर्कलला ज्या कंपनीचं नाव चिकटलं ती आजची बॉश, आणि तिच्या इथल्या कारखान्यात डिझेल इंजिनांचे इंजेक्टर आणि नोझल बनतात. नोझलचं भोक इथला माणूस मायक्रॉनमध्ये मोजतो. त्याच शहरात संध्याकाळी गाडी रॅम्पवर चढते आणि पाइपाचा व्यास ठरतो तो असा: "दोन इंची टाकू का? नको दादा, अडीचचाच टाकू. आवाज भारी येतो."

तर रॅम्पखाली उभं राहून, इंजिनापासून मागे मागे बघत जाऊ.

हा मॅनिफोल्ड. चार सिलिंडरची चार तोंडं इथे एकत्र येतात. त्याला लागूनच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, गॅरेजच्या बोलीत कॅटकॉन. मग पोटाखालून जाणारा लांब पाइप, मध्ये छोटा डबा म्हणजे रेझोनेटर, आणि शेवटी मोठा डबा, ज्याला आपण सगळेच सायलेन्सर म्हणतो.

या नळीतून धूर सरळ, एकसंध वाहत नाही. तो झटक्याझटक्याने येतो. इंजिन ३००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांवर, असेल तर चार सिलिंडरचे मिळून सेकंदाला १०० झटके. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा आत अजून बराच दाब शिल्लक असतो. तो सुटतो आणि दाबाची एक लाट पाइपात धावते. तापलेल्या वायूत तिचा वेग सेकंदाला साधारण ६०० मीटर. पाइप जिथे एकदम मोठ्या जागेत उघडतो, तिथे ही लाट उलटते आणि कमी दाबाची होऊन परत व्हॉल्व्हकडे येते. ती परतली त्या क्षणी इनटेक आणि एक्झॉस्ट असे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असले, तर उरलासुरला धूर ती ओढून घेते आणि मागोमाग ताजी हवा आत खेचली जाते. ही ओढ आयती, तिच्यासाठी वेगळं पेट्रोल जळत नाही.

पण वेळ साधली तरच. ६००० आरपीएमला एक फेरा १० मिलिसेकंदांत संपतो, ३००० ला त्याला २० लागतात. लाटेचा वेग मात्र जवळपास तोच. म्हणजे वरच्या आरपीएमला नेमकी जुळलेली पाइपाची लांबी खालच्या आरपीएमला चुकते. दोन्हीकडे सारखीच जुळणारी लांबी कुणाकडेच नाही. म्हणून रेसच्या गाडीत चारही पाइप लांबलचक जाऊन एकाच ठिकाणी मिळतात आणि जोर वर सापडतो. रस्त्यावरच्या गाडीला हेडर, म्हणजे मूळ मॅनिफोल्डच्या जागी बसणारा सुट्या पाइपांचा संच, टाकायचाच असेल तर चाराचे दोन, दोनाचा एक अशी मांडणी बरी. एक आणि चार, दोन आणि तीन अशा जोड्या जमवल्या की एकाचा झटका दुसऱ्याच्या आड येत नाही आणि मधल्या आरपीएमला टॉर्क टिकतो. अर्थात, बऱ्याच नव्या इंजिनांत मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो. तिथे हेडरचा विषयच संपतो.

आता गॅरेजमधलं एक लाडकं वाक्य. "इंजिनाला थोडं बॅक प्रेशर लागतंच." म्हणजे धुराला मागून थोडा अडथळा हवाच. लागत नाही. धूर बाहेर ढकलायला पिस्टनला जितकं कमी बळ लावावं लागेल तितकं चांगलंच. जाड पाइप टाकल्यावर खालचा दम जातो हा अनुभव मात्र खरा आहे. कारण वेगळं आहे. पावणेदोन इंचाचा पाइप अडीचचा केला की आतलं क्षेत्रफळ दुप्पट होतं आणि तेवढ्याच धुराचा वेग निम्म्यावर येतो. सोमेश्वरला खडकांत दाबली गेलेली गोदावरी कशी धावते आणि पुढे पात्र पसरलं की कशी मंदावते, तसंच. वेगाने निघालेला धूर आपल्यामागे पोकळी ठेवून जातो, मंदावलेला ठेवत नाही. हा तोटा इंजिनाजवळच्या पाइपांत जास्त जाणवतो, शेपटाकडे कमी.

म्हणजे शेवटचा डबा बदलून फायदा होतो तरी कुठे? वर. पाच-साडेपाच हजारांच्या पुढे, जिथे धूर खूप असतो आणि कंपनीचा डबा खरोखर अडवतो. द्वारका ते मुंबई नाका या गर्दीत गाडी पंधराशे ते तीन हजारांत फिरते. तिथे हाती काहीच लागत नाही, उलट थोडं जातं.

(दृश्य: कसारा घाट, उतरणारी वाहनं.)

आकडाच हवा असेल तर घ्या. टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, नसलेल्या अशा इंजिनात फक्त मागचा भाग बदलून दोन-तीन हॉर्सपॉवर मिळाले तरी पुष्कळ. आणि आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचावर. इथली हवा किनाऱ्यापेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी विरळ. कागदावर ८५ हॉर्सपॉवर असलेलं इंजिन इथे राहूनच पाचेक हॉर्सपॉवर गमावून बसलेलं असतं. सायलेन्सरला हातही न लावता कसारा उतरून ठाण्याला जा, त्या पाइपाने दिले नसतील तेवढे परत मिळतील!

हवामानाचाही हिशेब धरा. जानेवारीतल्या पहाटेची १० अंशांची हवा मे महिन्यातल्या ४० अंशांच्या दुपारपेक्षा जवळजवळ १० टक्क्यांनी दाट असते. इंजिनाचा जोर तितकाच वाढतो असं नाही, पण वाढतो. दुपारी जुन्या सायलेन्सरवर गाडी चालवायची, काम होईस्तोवर रात्रीचे अकरा, मग मोकळ्या रस्त्यावर गार हवेत ट्रायल. त्यात कान आवाजाने भरलेले आणि पाय आपोआप जरा जास्त दाबलेला. पिकअप वाढल्यासारखा वाटणारच.

खरं तपासायचं तर हायवेवर तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० ते ८० ला लागणारा वेळ मोजा. बदलायच्या आधी आणि नंतर, दिवसाच्या एकाच वेळेला, तितकीच माणसं बसवून, जाता-येता दोन्ही दिशांनी. शेजारच्याने मोजायचं, चालवणाऱ्याने नाही.

आणखी एक गंमत मुंबईला निघाल्यावर कळते. छोट्या गाडीत ताशी शंभरच्या आसपास पाचव्या गिअरला इंजिन तीन हजारांच्या जवळ असतं, म्हणजे तेच सेकंदाला शंभर झटके. ती घुमणारी कंपनं मारायला रेझोनेटर होता आणि तो आपण काढून टाकला. घोटी येईस्तोवर मागच्या सीटवरून "हे काय लावून घेतलंस रे?" सुरू होतं.

(दृश्य: रॅम्पवरची गाडी, टॉर्चचा उजेड.)

हा जोड जवळून बघा. फ्लँजच्या, म्हणजे दोन पाइप बोल्टने जोडणाऱ्या चकतीच्या, कडेला काजळीची बारीक काळी रेघ आहे. गॅस्केट नीट बसलेलं नाही. सकाळी गार इंजिन सुरू केलं की टिकटिक ऐकू येते, धातू तापून पसरला की ती थांबते, म्हणून मालकाला वाटतं मिटलं. पण दोन झटक्यांच्या मध्ये पाइपातला दाब बाहेरच्याहून खाली जातो आणि या फटीतून बाहेरची हवा आत शिरते. फट ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो. ईसीयूची, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरची, समजूत होते की पेट्रोल कमी पडतंय. एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे प्रमाण राखायला तो पेट्रोल वाढवत जातो. मग मालक गॅरेजला परत येतो, "भाऊ, ॲव्हरेज पडला."

टर्बोच्या गाडीचं गणित निराळं. टर्बाइनच्या पुढचा मार्ग मोकळा केला की टर्बाइन लवकर वेग घेतं, जोर लवकर येतो. तरी बूस्ट, म्हणजे कोंबलेल्या हवेचा दाब, किती द्यायचा हे ईसीयूच ठरवतो, त्यामुळे नुसत्या पाइपाने फार हलत नाही. रिमॅप केलं, म्हणजे ईसीयूचा प्रोग्रॅमच बदलला, की आकडा दोन-तीनवर थांबत नाही, हे मान्य. त्याच्यासोबत क्लच आणि गिअरबॉक्सवरचा भारही वाढतो, आणि तो सहसा बिलात लिहिलेला नसतो.

आणि कॅटकॉन. आत सिरॅमिकची बारीक जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड इथे बऱ्यापैकी निकामी होतात. कॅटकॉन काढला की त्याच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर ओरडतो, मीटरवर चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनरवर पी०४२० हा कॅटकॉनच्या बिघाडाचा कोड दिसतो. मग सेन्सरखाली एक स्पेसर टाकून दिवा विझवतात. धूर तसाच, गाडीमागच्या स्कूटरवाल्याच्या तोंडावर.

कायदाही सरळ आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करू देत नाही. आवाज आणि धुराचे नियम मोडले तर कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि लायसन्सही तीन महिने जातं.

जुना माल कुठे जातो, तेवढं मात्र विचारून ठेवा. मूळ सायलेन्सर घरी आणा, गाडी विकताना किंवा पासिंगला तोच लागतो. आणि कुणी म्हणालं, "दादा, फिटिंगचे पैसे नका देऊ, फक्त हा जुना कॅटकॉन इथेच राहू द्या," तर त्याला त्या जाळीवरच्या तीन धातूंचा भाव ठाऊक आहे.