वाळवंट रंगवताना: खालून येणारा उजेड आणि उंटाचे पाय

मित्रहो, वाळवंट रंगवायचं म्हटलं की हात आधी यलो ऑकरच्या, म्हणजे मातकट पिवळ्या रंगाच्या, ट्यूबकडे जातो. त्यात पांढरा मिसळला की वाळू तयार, असं वाटतं आणि चित्र खडूने रंगवल्यासारखं फिकट, निर्जीव होतं. वाळवंटात उजेड दोन बाजूंनी येतो हे आधी मनात पक्कं करा. वरून सूर्य आणि आकाश, खालून वाळू. कोरडी फिकट वाळू तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी साधारण ४० टक्के उजेड परत फेकते. गवताळ जमीन याहून बरीच कमी फेकते.

यातून एक नियम निघतो आणि माझ्या मते या विषयात याहून उपयोगी नियम दुसरा नाही. ज्या सावलीचं तोंड आकाशाकडे आहे ती निळसर, ज्या सावलीचं तोंड वाळूकडे आहे ती तांबूस. उंटाची जमिनीवर पडलेली सावली अल्ट्रामरिन ब्लू (गडद निळा) आणि थोड्या बर्न्ट सिएनाने (तांबूस तपकिरी) रंगवा. त्याच उंटाचं पोट मात्र बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि कणभर पांढऱ्याने. दोन्ही ठिकाणी एकच राखाडी वापरली की उंट कागदातून कापून चिकटवल्यासारखा दिसतो. वाळवंटातल्या पुष्कळ प्राण्यांचं पोट मुळातच पाठीपेक्षा फिकट असतं, त्यात खालचा उजेड. म्हणून पोट काळवंडून गोलाई दाखवायची सवय इथे सोडावी लागते.

आता वाळूच्या टेकडीचं बोलू. वारा ज्या बाजूने येतो तो उतार सौम्य, साधारण १० ते १५ अंशांचा. पलीकडची घसरण ३० ते ३४ अंशांची. त्याहून उभी झाली की वाळू आपोआप ओघळते. ४५ अंशांची टेकडी काढली तर ती वाळूची वाटतच नाही, मुरमाचा ढीग वाटते. माथ्याची कडा धारदार ठेवा, पायथा मऊ. वाऱ्याने उठलेल्या लहान लाटा फक्त पुढच्या भागात काढा. दूरवर त्या दिसत नाहीत, तिथे नुसता टोन, म्हणजे रंगाचा उजळ-गडदपणा, बदलतो. हवा कोरडी आणि स्वच्छ असेल तर दूरचे डोंगरही स्पष्ट दिसतात, तेव्हा सवयीने त्यांना निळं, धूसर करू नका. धूळ असेल तर अंतर फिकट पिवळट होत जातं.

आता उंट. बहुतेकांचं चुकतं ते मागच्या पायात. घोड्याची मांडी पोटाच्या कातडीत मिसळलेली असते. उंटाची मांडी वरपर्यंत सुटी असते, म्हणून मागचा पाय फार लांब दिसतो आणि पोट मागे जाताना वर खेचलेलं दिसतं. मागच्या पायात ‘उलटा गुडघा’ वाटतो तो खरं तर घोटा. गुडघा वर, पोटाजवळ शोधा. मान छातीच्या खालच्या भागातून निघते, आधी खाली झुकते आणि मग वर चढते. चालताना एका बाजूचे दोन्ही पाय जवळपास बरोबरच पुढे जातात. दुडक्या घोड्यासारखे तिरपे पाय जोडीने उचलले की चाल खोटी पडते. पावलाला खूर नाही, दोन बोटं आणि खाली रुंद गादी. वजन पडल्यावर ती पसरते, तेवढी पसरट काढा. बसलेल्या उंटाला छातीवरचा जाड घट्टा जमिनीला टेकलेला दाखवा, नाहीतर तो तरंगतो.

जनावर हलतंच. एका कागदावर चार-पाच रेखाटनं एकदम सुरू करा. रवंथ करताना मान त्याच जागी पुन्हा येते, तेव्हा त्या रेखाटनाकडे परत या.

साहित्यात सगळ्यात मोठी अडचण कोरड्या हवेची. जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ थर, पसरता पसरताच सुकतो आणि मध्येच कडक कडा उमटते. ३०० ग्रॅमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद दोन्ही बाजूंनी भिजवा आणि आकाश एका दमात संपवा. तैलरंगावर वाळू बसली तर ओल्या रंगावर फडकं फिरवू नका, कण आणखी आत रुततात. रंग पूर्ण वाळू द्या, मग ताठ ब्रशने झाडा. कॅनव्हास आणि पॅलेट दोन्ही सावलीत असू द्या. उन्हात रंग जास्त उजळ भासतात, आपण नकळत गडद मिसळतो आणि खोलीत आणल्यावर चित्र काळपट निघतं.

अमेरिकन चित्रकार जॉर्जिया ओकीफ १९२९ पासून अमेरिकेतल्या वाळवंटी न्यू मेक्सिको राज्यात जाऊन काम करू लागल्या. मोटारीची पुढची सीट उलटी फिरवून, मागच्या सीटवर कॅनव्हास टेकवून त्या आतच रंगवत. ऊन आणि वारा दोन्ही टळत. १९४० च्या दशकात त्यांनी जनावरांच्या कमरेची हाडं रंगवली आणि हाडाच्या भोकातून दिसणारं निळं आकाश हाच विषय केला. अफाट मोकळी जागा कागदावर आणायची ही एक वाट: जवळची वस्तू कडेपर्यंत मोठी. दुसरी वाट अगदी उलट, कळप लहान, चित्राच्या उंचीच्या दहाव्या भागाहून कमी, आणि क्षितिज खूप वर किंवा खूप खाली. मधोमध क्षितिज आणि मध्यम आकाराचा उंट घेतला की दोन्ही हातचं जातं. रंग उघडण्याआधी तीन टोनांची दोन छोटी रेखाटनं करा, एक या वाटेचं, एक त्या वाटेचं, आणि त्यातलं एक निवडा.