विल्नियसचे त्रिकूट

श्रोतेहो, नमस्कार. आज मी तुम्हाला बाल्टिक समुद्राकाठच्या लिथुएनिया या छोट्या देशात घेऊन जाणार आहे. त्या देशाची राजधानी विल्नियस येथे 1971 साली पियानो, सॅक्सोफोन आणि ड्रम्स वाजवणारे तिघे एकत्र आले आणि त्यांनी पुढची सोळा वर्षे जे जॅझ वाजवले, ते मला विसाव्या शतकातील युरोपीय संगीताचे एक मोठे लेणे वाटते. व्याचेस्लाव गानेलिन, व्लादिमीर चेकासिन आणि व्लादिमीर तारासोव ही त्यांची नावे.

या तिघांपैकी एकाचाही जन्म लिथुएनियातला नाही. गानेलिन 1944 साली मॉस्कोजवळ जन्मले आणि लहानपणीच विल्नियसला आले. तारासोव उत्तरेकडच्या आर्खांगेल्स्कचे, तर चेकासिन उरल पर्वताच्या कुशीतल्या स्वेर्दलोव्स्कचे. तरीही हे संगीत विल्नियसचेच म्हटले पाहिजे, असे माझे मत आहे. लिथुएनिया तेव्हा सोव्हिएत संघात होता, पण मॉस्कोपासून दूर असलेल्या या शहरात कलावंताला श्वास घ्यायला थोडी अधिक जागा मिळत असे, आणि एवढ्या धीट संगीताला तेवढी जागा लागतेच.

सुरुवात झाली ती ‘नेरिंगा’ नावाच्या कॅफेत. लेखक, चित्रकार, नाटकवाले यांची तिथे ऊठबस असे. साठच्या दशकाच्या अखेरीस गानेलिन आणि तारासोव तिथे दोघेच वाजवत. गानेलिन यांचे शिक्षण विल्नियसच्या संगीत महाविद्यालयातले. शहरातल्या रशियन नाट्यगृहाचे संगीत ते सांभाळत आणि 1974 सालच्या ‘वेल्नियो नुओताका’ या लोकप्रिय लिथुएनियन संगीतपटाचे संगीतही त्यांचेच. तारासोव सिम्फनी वाद्यवृंदातही वाजवत. म्हणजे ज्यांनी पुढे सगळे नियम मोडले, त्यांना ते नियम पुरते ठाऊक होते.

त्यांची मैफल कशी असे, हे सांगितले पाहिजे. जॅझच्या संचात खालचे सूर धरायला सहसा एक बासवादक असतो. इथे तो नव्हता. गानेलिन उजवा हात पियानोवर ठेवत आणि डाव्या हाताने ‘बासेट’ नावाच्या छोट्या कळफलकावर खर्जाचे सूर वाजवत. चेकासिन मध्येच दोन सॅक्सोफोन एकदम तोंडात धरून फुंकत. तारासोव यांच्याभोवती ड्रम्सखेरीज घंटा आणि इतर बारीकसारीक वाद्ये असत, आणि एखाद्या घंटेचा नाद पूर्ण विरेपर्यंत ते थांबून राहत. एकच रचना न थांबता पाऊण तासाच्या आसपास चाले. तिचा आराखडा आधी ठरलेला असे आणि आतला भराव जागच्या जागी सुचलेला असे. ख्यालाची बढत ऐकणाऱ्या आपल्या कानांना हे परके वाटू नये. बंदिश ठरलेली, उपज त्या क्षणाची.

आता नभोवाणीचा भाग. 1955 पासून ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वर विलिस कॉनोवर रोज जॅझ ऐकवत, शब्द सावकाश आणि स्पष्ट उच्चारत, आणि सोव्हिएत संघातल्या कितीतरी वादकांची खरी शाळा तीच होती. उलट दिशेचे काम लेनिनग्राड सोडून लंडनला गेलेल्या लिओ फेगिन यांनी केले. बीबीसीच्या रशियन सेवेवर ते टोपणनावाने जॅझचा कार्यक्रम करत. या त्रिकुटाची 1979 साली पूर्व जर्मनीत झालेल्या मैफलीची ध्वनिफीत त्यांच्या हाती आली आणि स्वतःच्या छोट्या कंपनीतर्फे त्यांनी तिची ध्वनिमुद्रिका काढली. वेष्टनावर त्यांनी आवर्जून छापले, की या ध्वनिफितीच्या प्रकाशनाची कोणतीही जबाबदारी वादकांवर नाही. ते एक वाक्य वाचले, की त्या काळात सूर सीमेपलीकडे पाठवण्यात केवढी जोखीम होती, ते कळते.

मॉस्कोच्या सरकारी ‘मेलोदिया’ कंपनीने त्याआधीच त्यांची ‘कोन आनिमा’ ही ध्वनिमुद्रिका काढलेली होती, पण पश्चिमेकडे खरे लक्ष वेधले गेले ते 1980 साली पश्चिम बर्लिनच्या जॅझ महोत्सवात. जर्मन समीक्षक योआखिम-अर्न्स्ट बेरेन्ट यांनी त्यांचे जॅझ अतिशय रानटी आणि तरीही अतिशय शिस्तबद्ध असल्याचे नोंदवले. पुढे 1984 साली ब्रिटन, 1986 साली अमेरिका. आणि 1987 साली गानेलिन इस्रायलला स्थलांतरित झाले. त्रिकूट तिथेच थांबले.

2002 साली फ्रँकफर्टच्या पुस्तक मेळ्यात लिथुएनिया सन्माननीय पाहुणा देश होता, तेव्हा तिघे पुन्हा एका मंचावर बसले. त्यानंतर 2005 साली विल्नियसच्या राष्ट्रीय फिलहार्मनी सभागृहात गानेलिन नव्या त्रिकुटासह वाजवायला आले. ड्रम्सवर क्लाउस कुगेल हे जर्मन वादक होते, आणि सॅक्सोफोन होता चेकासिन यांचे लिथुएनियन शिष्य पेत्रास व्हिश्न्याउस्कास यांच्या हाती.