तपासणीच्या दुसऱ्या दिवशी

(ठाण्यात नौपाड्यातल्या एका महिला मंडळापुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. वक्त्या स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत.)

गर्भाशयाच्या मुखाचा, गर्भाशयाच्या अस्तराचा आणि अंडाशयाचा अशा तिन्ही कॅन्सरांना आपण एका दमात ‘पिशवीचा कॅन्सर’ म्हणून मोकळ्या होतो. मग एखादी तपासणी एकीला उपयोगी पडली की तीच दुसरीलाही हवी असं वाटायला लागतं. तसं नाहीये. हे कुणा डॉक्टरच्या मतावर ठरलेलं नाही. लाखो बायकांना वर्षानुवर्षं डोळ्यांखाली ठेवून कुठल्या तपासणीने मृत्यू कमी होतात आणि कुठल्या तपासणीने फक्त बातमी लवकर कळते, हे मोजलं गेलंय. त्यातली दोन मोठी मोजमापं आपल्याकडची आहेत. म्हणून परदेशातलं संशोधन नंतर. आधी इथलं बघू.

१९९८ साली टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा एक अभ्यास सुरू केला. डॉ. सुरेंद्र शास्त्री त्याचे प्रमुख. वीस वस्त्या घेतल्या. दहा वस्त्यांतल्या ७५,३६० बायकांना दर दोन वर्षांनी, असं चार वेळा तपासलं. उरलेल्या दहा वस्त्यांतल्या ७६,१७८ बायकांना कॅन्सरची माहिती दिली, लक्षणं सांगितली, पण तपासणी केली नाही. तपासणारी माणसं डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती. दहावीपर्यंत शिकलेल्या, त्या कामाचं प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्या होत्या.

तपासणी काय होती ते नीट सांगते, कारण तिचं ‘व्हीआयए’ हे नाव घेतलं की बायकांना काहीतरी मशीन डोळ्यांसमोर येतं. मशीन नसतंच. बाई टेबलावर झोपते, स्पेक्युलम नावाचं साधन लावून गर्भाशयाचं तोंड दिसेल असं करतात आणि कापसाच्या बोळ्याने तीन ते पाच टक्के ॲसिटिक ॲसिड लावतात. म्हणजे आपलं व्हिनेगर, चायनीजच्या गाडीवर बाटलीत असतं ते. मग पूर्ण एक मिनिट थांबायचं. हे मिनिट फार महत्त्वाचं. घाईत वीस सेकंदांत बघून ‘नॉर्मल’ लिहिलं, तर त्या तपासणीला अर्थ नाही. ज्या पेशी बिघडायला लागलेल्या असतात, त्या तेवढ्या वेळात पांढऱ्या पडतात. कडा स्पष्ट असलेला दाट पांढरा चट्टा दिसला की पुढची तपासणी. थोड्या वेळाने चट्टा आपोआप मावळतो. सुई नाही, टाका नाही.

बारा वर्षांनी हिशोब झाला आणि २०१३ साली शिकागोतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या जागतिक परिषदेत तो मांडला गेला. तपासणीच्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. ही बातमी तेव्हा सगळ्या पेपरांत आली. पण त्या आकड्याच्या शेजारी आणखी दोन आकडे होते, त्यांची बातमी झाली नाही. मला तेच जास्त मोलाचे वाटतात. दोन्ही गटांत कॅन्सर जवळपास सारखेच सापडले, वर्षाला लाख बायकांमागे २७च्या आसपास. म्हणजे तपासणीने कॅन्सर होणं फारसं थांबलं नव्हतं. मग मृत्यू कशाने कमी झाले? कॅन्सर निघालेल्या बायकांपैकी उपचार घेणाऱ्या तपासणीच्या गटात सुमारे ८६ टक्के होत्या आणि दुसऱ्या गटात ७२ टक्के. एक तर आजार लवकरच्या टप्प्यावर हाती लागला, आणि वस्तीत येणाऱ्या ताईंनी पाठ सोडली नाही. माझ्या मते व्हिनेगरइतकंच श्रेय त्या पाठपुराव्याला द्यायला हवं.

दुसरा अभ्यास तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, टाटा आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून १,३१,७४६ बायकांचे चार गट केले. एका गटाची एचपीव्ही चाचणी, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूचा शोध, एकाची पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, एकाची व्हिनेगरची तपासणी, आणि चौथ्याची काहीच नाही. तपासणी आयुष्यात एकदाच. आठ वर्षांनी पाहिलं तर काहीच न केलेल्या गटात ६४ मृत्यू, एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४. एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पॅप आणि व्हिनेगरच्या गटांत मात्र म्हणावा असा फरक पडला नाही. मुंबईत व्हिनेगर कामी आलं ते चार वेळा केलं म्हणून. एकदाच तपासायचं असेल, तर विषाणूच शोधलेला बरा. आज जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते: तिशीपासून एचपीव्ही चाचणी, आणि ती निगेटिव्ह आली की पाच ते दहा वर्षं निवांत. नमुना बाई स्वतःचा स्वतः घेऊ शकते, हेही आता मान्य झालंय. टेबलावर झोपायचा संकोच वाटणाऱ्यांसाठी ही फार मोठी सोय आहे.

या दोन्ही अभ्यासांवर टीका झाली. तपासणी न केलेल्या गटातल्या बायका मेल्या त्याचं काय? प्रश्न रास्त आहे, मलाही तो टोचतो. ‘तेव्हा सरकारी तपासणी कुणाचीच होत नव्हती’ हे उत्तर कागदावर ठीक आहे, पण त्याने पूर्ण समाधान होत नाही. निदान त्या बायकांमुळे जे कळलं ते वापरात तरी यायला हवं होतं ना? २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. शंभरात दोन नाहीत! २०२२च्या जागतिक अंदाजानुसार आपल्या देशात वर्षाला सव्वा लाखाहून जास्त बायकांना हा कॅन्सर होतो आणि जवळपास ऐंशी हजार दगावतात.

शिबिरं होत नाहीत असं नाही. मार्च महिना आला की ठाण्यात वॉर्डावॉर्डांत मंडप पडतात, फोटो निघतात. पण शिबिराच्या दुसऱ्या दिवशी काय होतं ते कुणी विचारत नाही. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो, तोही बहुतेक वेळा मुलाच्या किंवा नवऱ्याच्या फोनवर. ‘एचपीव्ही पॉझिटिव्ह’ एवढे दोन शब्द. घरात पहिला प्रश्न, हा कसला विषाणू? शरीरसंबंधातून येतो म्हटलं की संशय सुरू. म्हणून इथे स्वच्छ सांगते. हा विषाणू बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी गाठतो आणि बहुतेकांच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. वीस वर्षांपूर्वी आलेला आज सापडू शकतो. त्यावरून कुणाच्या चारित्र्याचा पंचनामा होत नाही, आणि पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. विषाणू मुक्काम ठोकून बसला, तर पेशी बिघडून कॅन्सर व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षं लागतात. तेवढ्या काळात कधीही तो भाग ओपीडीतच उष्णता देऊन किंवा गोठवून काढून टाकता येतो. काही मिनिटांचं काम. त्यासाठी पिशवी काढावी लागत नाही. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या ‘कॅन्सर होईल’ असं घाबरवून काढल्या गेल्याचं २०१९ साली गाजलं, आठवतंय ना? तपासणी धड नसली की भीतीचा असा धंदा होतो.

आता आजार पुढे गेलेला असेल तर काय? इथेही आपल्याकडच्या बायकांनी जगाला उत्तर दिलंय. तिसऱ्या टप्प्यावर, म्हणजे ‘थ्री बी’ला, नुसतं रेडिएशन पुरे की सोबत आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध द्यावं? टाटामध्ये अशा ८५० रुग्णांवर अभ्यास झाला, २०१८ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनी जिवंत असलेल्या : नुसत्या रेडिएशनवर ४६ टक्के, सोबत औषध दिलेल्या ५४ टक्के. आठ टक्क्यांचा फरक, तोही स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या औषधाने. हल्ली रेडिएशनच्या आधी सहा आठवडे केमो देण्याचा एक अभ्यास आलाय, इम्युनोथेरपीचेही, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कामाला लावणाऱ्या औषधांचेही, निकाल चांगले आहेत. पण सव्वा लाख बायकांच्या देशात मी आधी सिस्प्लॅटिनचं नाव घेईन.

रेडिएशनला इकडच्या बायका ‘लाइट’ म्हणतात. ‘पंचवीस लाइट झाल्या डॉक्टर.’ आठवड्याला पाच, अशा पाच आठवडे, आणि मग आतून द्यायच्या, म्हणजे ब्रेकीथेरपी. हे सगळं आठ आठवड्यांच्या आत संपवायचं असतं. लांबलं की आजार परत उलटण्याची शक्यता वाढते. आता लोकमान्यनगरातली बाई डोळ्यांसमोर आणा. रिक्षाने ठाणे स्टेशन, पनवेल गाडी, खारघर, तिथून पुन्हा रिक्षा करून टाटाचं तिथलं केंद्र, ॲक्ट्रेक. औषध चाललेलं, जुलाब होतायत, गाडीत संडास नाही. धुण्याभांड्यांची कामं सुटलेली. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणते, ‘आता बरं वाटतंय, रक्त थांबलंय, उरलेलं दिवाळीनंतर घेते.’ रक्त थांबलं म्हणून थांबणाऱ्या बायका दरवर्षी बघते मी. आपल्या देशातल्या कॅन्सर नोंदणीतून या आजाराचा पाच वर्षांचा जगण्याचा दर निघाला ५१.७ टक्के. त्यात आजार उशिरा कळण्याचा वाटा आहे तसाच या दिवाळीचाही आहे. घरातल्या माणसांनी तेवढे आठ आठवडे भाकरी आणि भाडं सांभाळलं तर तेही औषधच समजा.

जुलाबांवरून आठवलं. टाटा मेमोरियल सेंटरमध्ये ‘पार्सर’ नावाचा अभ्यास झाला, डॉ. सुप्रिया चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली. पिशवी काढल्यावर रेडिएशन लागणाऱ्या ३०० बायका. निम्म्यांना नेहमीच्या पद्धतीने, निम्म्यांना रोज स्कॅन बघून आतडी वाचवत नेमका मारा करणाऱ्या तंत्राने. तीन वर्षांनी आतड्यांचा बऱ्यापैकी त्रास जुन्या पद्धतीत ४२ टक्क्यांना, नव्यात २१ टक्क्यांना. कॅन्सरवरचा ताबा दोन्हीकडे सारखाच. जगलेल्या बाईला पुढची वीस वर्षं लग्नाच्या हॉलमध्ये आधी संडास कुठे आहे ते शोधावं लागणं ही किरकोळ गोष्ट नाही. अशा त्रासावरही कुणीतरी मोजमाप केलं याचं मला कौतुक वाटतं.

उलट, नवं ते चांगलंच असतं असंही नाही. ‘दुर्बिणीतून करा डॉक्टर’ हा हट्ट मी रोज ऐकते. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये दुर्बिणीतून किंवा रोबोटने केलेली मोठी शस्त्रक्रिया आणि पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया यांची तुलना २०१८ साली आली. साडेचार वर्षांनी आजार न उलटलेल्या बायका : पोट उघडून ९६.५ टक्के, दुर्बिणीतून ८६ टक्के. त्यामुळे या एका आजारात तरी मोठ्या टाक्याला नाक मुरडू नका.

अंडाशयाकडे येते. ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजात सीए-१२५ ही रक्ततपासणी असते, आणि बऱ्याच जणी तो कागद घेऊन घाबऱ्याघुबऱ्या येतात. ब्रिटनमध्ये २,०२,६३८ बायकांवर या तपासणीचा अभ्यास झाला. दरवर्षी रक्त तपासून किंवा सोनोग्राफी करून. रक्ततपासणीच्या गटात आजार थोडा लवकरच्या टप्प्यावर सापडलाही. पण २०२१ साली शेवटचा हिशोब आला तेव्हा मृत्यूंत फरक नव्हता. हे कसं होतं? समजा, एका बाईला साठाव्या वर्षी निदान झालं, दुसरीला त्रेसष्टाव्या. दोघीही पासष्टाव्या वर्षी गेल्या. कागदावर पहिली पाच वर्षं जगली आणि दुसरी दोन. पहिलीच्या वाट्याला खरं तर तीन वर्षं जास्तीची काळजी आली, आयुष्य नाही. अमेरिकेतल्या अशाच एका अभ्यासात तर विनाकारण पॉझिटिव्ह निघालेल्या ३,२८५ बायकांपैकी १,०८० जणींचं ऑपरेशन झालं, आणि त्यातल्या १६३ जणींना गंभीर त्रास झाला. सीए-१२५ पाळीत वाढतं, एंडोमेट्रिओसिसमध्ये, म्हणजे पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढतो त्या आजारात, वाढतं, आणि आपल्याकडे पोटाच्या टीबीत इतकं वाढतं की पोटात पाणी दिसल्यावर थेट कॅन्सरच समजला जातो. तेव्हा तक्रार नसताना ही तपासणी करू नका. पोट फुगतंय, चार घासांत पोट भरतंय असं दोन-तीन आठवडे चाललं तर नुसतं ‘गॅसेस’ म्हणून सोडू नका. आणि आई, बहीण, मावशी यांपैकी कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर बीआरसीएची जनुकीय चाचणी विचारा. या चाचणीचा खरा उपयोग आहे : बीआरसीए-१ या जनुकात दोष असेल तर ऐंशीपर्यंत अंडाशयाच्या कॅन्सरची शक्यता सुमारे ४४ टक्के. आजार झालाच, तर केमोनंतर ओलापॅरिबच्या गोळ्या घेतलेल्यांपैकी सात वर्षांनी ६७ टक्के जिवंत होत्या, न घेतलेल्यांपैकी ४६.५ टक्के.

अस्तराच्या कॅन्सरचं थोडक्यात. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी दिसला, तरी दाखवायचं. अशा शंभर बायकांत साधारण नऊ जणींना कॅन्सर निघतो. पण हा कॅन्सर झालेल्या दहांतल्या नऊ जणींना आधी तो डाग पडलेला असतो. शरीर स्वतःच तपासणी करून देतंय. वजन जास्त असेल तर जास्तच सावध राहा.

एचपीव्हीच्या लसीचं विचारताय तुम्ही केव्हाच्या. २००९ साली देशात मुलींना दोन डोस पुरे की तीन, याचा अभ्यास सुरू झाला. बार्शीही त्यात होती. २०१० साली आंध्र-गुजरातेतल्या एका वेगळ्या प्रकल्पावरून, संमतीच्या कागदांवरून गदारोळ झाला आणि सरकारने लस देणं थांबवलं. हजारो मुलींना एकच डोस मिळाला होता. संशोधकांनी त्यांनाही सोडलं नाही, दहा वर्षं पाठपुरावा केला. एका डोसनेही विषाणूच्या १६ आणि १८ या मुख्य प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळालं. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एक डोस चालेल म्हटलं, त्यामागे या मुलीही आहेत. त्याच वर्षी पुण्याच्या सीरमच्या लसीला परवानगी मिळाली. नववीतल्या नातीला लस देताय? जरूर द्या. पण तिच्या आईची तपासणी चुकवू नका, तिला लसीची वेळ गेलेली आहे.

मागून एका ताईंनी विचारलंय, ‘माझी पिशवी काढलीय, मला तपासणी लागते का?’ पिशवी तोंडासकट काढली असेल, कॅन्सरसाठी काढली नसेल आणि आधी कधी गंभीर बिघाड निघालेला नसेल, तर नाही. पण बऱ्याच जणींचं तोंड आत ठेवलेलं असतं आणि त्यांना ते ठाऊकही नसतं. ऑपरेशनचा डिस्चार्ज कागद कपाटातून काढा, त्यात ‘टोटल’ लिहिलंय की ‘सबटोटल’ ते बघा. सबटोटल असेल तर तपासणी बाकीच्यांसारखीच. कागद हरवला असेल तर नुसतं तपासून दोन मिनिटांत कळतं.