रॅम्पच्या वरच्या टोकाला: हिल्मा आफ क्लिन्ट आणि आर. एच. क्वेटमन

हे न्यूयॉर्कचं गुगेनहाइम संग्रहालय. फ्रँक लॉइड राइट यांची १९५९ मध्ये खुली झालेली वास्तू. ऑक्टोबर २०१८ ते एप्रिल २०१९ या काळात दोन चित्रकर्त्रींची चित्रं इथल्या गोल चढत जाणाऱ्या रॅम्पवर लागली होती. बहुतेक सगळा चढ हिल्मा आफ क्लिन्ट यांचा, जन्म १८६२, स्वीडन. वरच्या टोकाला आर. एच. क्वेटमन, जन्म १९६१, अमेरिका. सहा लाखांहून अधिक लोक येऊन गेले.

जुन्या अमूर्त चित्रांशेजारी आजची चित्रं लावायची प्रदर्शनं बऱ्याचदा फसतात, कारण जोडी आकारावरून जुळवलेली असते. इकडे वर्तुळ, म्हणून तिकडे वर्तुळ. मग नवं चित्र नक्कल वाटतं आणि जुनं नुसतं दाखल्यापुरतं उरतं. इथे ती वाट धरली नाही.

आधी जुनी चित्रं बघू. १९०७ साली आफ क्लिन्ट यांनी केलेली ही दहा चित्रं, मानवी आयुष्याच्या अवस्थांची. प्रत्येक सुमारे ३.२ मीटर उंच आणि २.४ मीटर रुंद. बालपणाला निळी पार्श्वभूमी, तारुण्याला नारिंगी, प्रौढपणाला जांभळट, वार्धक्याला फिकट गुलाबी. सातव्या चित्रातल्या त्या मोठ्या पिवळ्या आकाराजवळ या. लांबून सपाट वाटणारा रंग इथे कुठे पातळ आहे, कुठे दाट; पेन्सिलची रेषा रंगाखालून डोकावते. हा टेम्परा आहे (अंड्याच्या बलकासारख्या चिकट द्रवात कालवलेला, पाण्याने पातळ होणारा रंग), कागदावर केलेला, आणि तो कागद कॅनव्हासवर चिकटवलेला. असा मॅट पृष्ठभाग फार हळवा. बोट टेकलं तर पडलेला डाग सहज पुसता येत नाही. हवेतला दमटपणा वरखाली झाला, की कागद आणि कॅनव्हास सारखे ताणले जात नाहीत आणि फुगवटे येतात. शिवाय कागद उजेडाने खराब होतो, म्हणून अशा कामांवर साधारण ५० लक्सच (लक्स हे उजेडाचं माप) प्रकाश ठेवतात.

एवढी उंच चित्रं रॅम्पच्या बुटक्या भिंतींवर मावत नाहीत. त्यांना उंच छताच्या हाय गॅलरीत जागा मिळाली.

आणि रॅम्प ही काही सोपी जागा नाही. १९५६ मध्ये, इमारत पुरी व्हायच्या आधीच, २१ चित्रकारांनी पत्र लिहून या रचनेला विरोध केला होता. भिंती मागे कललेल्या आहेत. चित्रं ईझलवर (चित्रकाराच्या तिरक्या घोडीवर) असतात तशी तिरकी टेकावीत, असं राइट यांच्या मनात होतं. पहिल्या प्रदर्शनाच्या वेळी संचालक जेम्स जॉन्सन स्वीनी यांनी भिंतीतून धातूच्या दांड्या पुढे काढून चित्रं उभी धरली. जमिनीला सुमारे ३ टक्के उतार. म्हणजे १३३ सेंटिमीटर रुंदीचं पॅनेल लेव्हल लावून अगदी सरळ टांगलं, तरी त्याच्या दोन खालच्या कोपऱ्यांपासून जमीन ४ सेंटिमीटर कमी-जास्त दिसते. चित्रच वाकडं लागलंय, असं पाहणाऱ्याला वाटतं.

क्वेटमन यांची मापं ठरलेली असतात आणि ती सुवर्ण गुणोत्तरातून (सुमारे १:१.६१८) येतात: ५०.८ सेंटिमीटर, ८२.२, १३३. छोट्या पॅनेलची लांब बाजू तीच पुढच्या पॅनेलची आखूड बाजू. लाकडी पॅनेलची कड मागे तासलेली, म्हणून चित्र भिंतीपासून सुटल्यासारखं दिसतं. वर गेसो, म्हणजे रंगाआधी द्यायचा पांढरा अस्तर-थर, त्यावर सिल्कस्क्रीन, म्हणजे जाळीतून शाई दाबून केलेला छाप, शिवाय हाताने लावलेला ऑइल रंग. गेसोचे थर पातळ हवेत. एकदम जाड थापला तर तडकतो. नीट घासला नाही तर खळग्यांत शाई पोचत नाही आणि छापात पांढरे ठिपके राहतात. बारीक समांतर रेषा छापायच्या असतील, तर रेषांची पारदर्शक फिल्म स्क्रीनच्या जाळीवर ठेवून कोन बदलत बघावा लागतो, नाहीतर नको तिथे लहरी उमटतात.

२०१८ साठी केलेल्या मालिकेचं नाव ‘+ ×, चॅप्टर ३४’. दोघींच्या चित्रांचं नातं मात्र कितीतरी जुनं. आफ क्लिन्ट १९४४ मध्ये गेल्या. आपली कामं मृत्यूनंतर २० वर्षं दाखवू नयेत, ही त्यांची इच्छा. १९८६ मध्ये लॉस एंजेलिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्या जगासमोर आल्या, आणि १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या पी. एस. वन या कलाकेंद्रात त्यांची चित्रं लागली, ती क्वेटमन यांच्या पुढाकाराने. म्हणूनच ही जोडी खरी वाटते. एकीने दुसरीची चित्रं आधी स्वतः भिंतीवर चढवली होती.

मराठी प्रेक्षकांना हे संग्रहालय आणखी एका कारणाने जवळचं. नागपुरात जन्मलेल्या, जे. जे.त शिकलेल्या वासुदेव गायतोंडे यांचं मोठं प्रदर्शन २०१४ मध्ये इथेच झालं.

आता प्रकाशाकडे. ऑइलचं पॅनेल २०० लक्सही सोसतं, पण तेवढा उजेड पाहून डोळा ५० लक्सकडे वळला, की जुनी चित्रं मेल्यासारखी दिसतात. त्यामुळे नव्याचाही उजेड उतरवावा लागतो, किंवा टप्प्याटप्प्याने वाढवावा लागतो. क्वेटमन यांच्या काही चित्रांत हिऱ्याची भुकटी असते. ती सगळीकडून सारख्या पडणाऱ्या उजेडात चमकत नाही, एका बाजूने तिरका झोत लागतो.

राहिला चालण्याचा क्रम. राइट यांची कल्पना होती, लिफ्टने वर जावं आणि उतरत पाहावं. त्या वाटेने गेलेल्याला १९०७ च्या आधी २०१८ भेटतं, आणि क्वेटमन कुणाला उत्तर देताहेत हेच कळत नाही. तेव्हा पायी चढत जा, ही सूचना तळमजल्यावरच, लिफ्टच्या दाराशी लावायला हवी होती.