पट्टी दंडावर, नजर बाकावर

श्रोतेहो, नमस्कार.

फुटबॉलच्या नियमपुस्तिकेत कर्णधाराविषयी किती लिहिलेलं असेल? दोन-चार पानं तरी असतील, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात मजकूर अगदी थोडा आहे. प्रत्येक संघाचा एक कर्णधार मैदानात असला पाहिजे आणि तो ओळखू यावा म्हणून त्याच्या दंडावर पट्टी असली पाहिजे. पुढे स्पष्ट म्हटलंय की कर्णधाराला कोणताही खास दर्जा नाही, कोणतीही सवलत नाही, पण संघाच्या वागणुकीची काही जबाबदारी मात्र त्याच्यावर आहे. मला हा नियम फार आवडतो. मी नऊ वर्षं एका हौशी संघाचा कर्णधार होतो आणि त्या नऊ वर्षांत या नियमाचा पुरेपूर अनुभव घेतला.

व्यावसायिक संघात खेळाडू कराराने बांधलेला असतो. त्याला बोलवायला व्यवस्थापक असतो, शिकवायला प्रशिक्षक असतो, पाय दुखला तर फिजिओ असतो. हौशी संघातला खेळाडू नोकरी, अभ्यास, घरचं लहान मूल, आजारी आई हे सगळं सांभाळून येतो आणि वर मैदानाच्या भाड्यातला आपला वाटाही भरतो. त्याला यावंसं वाटलं तरच तो येतो. नाही वाटलं तर भांडणही करत नाही. ग्रुपवर उत्तर द्यायला उशीर करू लागतो, मग फक्त अंगठ्याचं चिन्ह टाकतो, मग तेही बंद होतं. म्हणून माझं ठाम मत आहे की हौशी कर्णधाराचं सगळ्यात मोठं काम एकच: आज आलेल्या माणसाला पुढच्या सामन्यालाही यावंसं वाटलं पाहिजे. बाकीचं सगळं त्यानंतर.

नियम असा आहे की एखाद्या संघाकडे सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरूच होत नाही. टीव्हीवर सामना बघणाऱ्याला हा नियम कधी आठवत नाही. हौशी कर्णधाराला मात्र तो सामन्याच्या आदल्या रात्री आठवतो. ‘कोण कोण येतंय?’ असं ग्रुपवर विचारलं की शांतता पसरते, कारण सगळ्यांना विचारलेला प्रश्न कुणालाच विचारलेला नसतो. नाव घेऊन विचारावं. ‘तू डावीकडे लागशील, येतोयस ना?’ असं म्हटलं की समोरच्याला कळतं की आपली जागा ठरलेली आहे, आपण नसलो तर ती रिकामी राहील.

आता माझी एक चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं काही बोलता येणार नाही.

आमच्याकडे एक बचावपटू होता. वेग बेताचा, पण सरावाला सगळ्यांच्या आधी यायचा आणि चेंडूंत हवा भरून ठेवायचा. एका महत्त्वाच्या सामन्यासाठी मी त्याला पहिल्या अकरांत घेतलं नाही. निर्णय खेळाच्या दृष्टीने बरोबर होता, आजही तसंच वाटतं. पण मी त्याला फोन केला नाही. सरळ यादी ग्रुपवर टाकली. त्याने ती इतरांबरोबर वाचली. सामन्याला आला, नव्वद मिनिटं बाकावर बसला, कारण सामना अटीतटीचा झाला आणि मी त्याला उतरवायचं विसरलो. हो, विसरलो. आम्ही जिंकलो. फोटो काढला, त्यात तो आहे, कडेला उभा. त्यानंतर तो आला नाही. दोन महिन्यांनी मी घरी गेलो तेव्हा म्हणाला, ‘बाहेर बसवलंस त्याचं काही नाही रे. सांगायला हवं होतंस.’

त्या दिवसापासून मी एक वही ठेवली. प्रत्येक सामन्यात कोण किती मिनिटं खेळलं, एवढंच त्यात लिहायचो. गोल कोणी केले ते सगळ्यांच्या लक्षात राहतं, मिनिटं कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. वहीची पानं उलटली की दिसायचं, अमुक एकजण सलग तीन सामने मिळून पंचवीस मिनिटं खेळलाय. हौशी, कुमार आणि ज्येष्ठांच्या फुटबॉलमध्ये, राष्ट्रीय संघटनेची परवानगी असेल तर, बाहेर काढलेला खेळाडू पुन्हा मैदानात येऊ शकतो. तुमच्या स्पर्धेत ही मुभा असेल तर ती नुसती दमलेल्यांसाठी वापरू नका, बाकावरच्यांसाठी वापरा. आणि बदली खेळाडूला शेवटच्या क्षणी ‘चल, उतर’ असं म्हणू नका. मध्यंतरातच सांगा: ‘साठाव्या मिनिटाला तू येणार. त्यांचा उजवा बचावपटू सारखा वर जातोय, त्याच्या मागची जागा बघून ठेव.’ मग तो बाकावर बसूनही सामन्यातच असतो.

यादीत नसलेल्याला आधी फोन, मग यादी. हा क्रम मी पुन्हा कधी मोडला नाही.

मैदानातल्या आवाजाबद्दल बोलतो. कर्णधार म्हणजे सतत ओरडणारा माणूस, असा एक समज आहे. ओरडावं लागतं, त्यात वाद नाही. चेंडू पायात असलेल्याला पाठीमागचं दिसत नाही, त्याचे डोळे तुम्ही व्हायचं असतं. ‘माणूस आहे’, ‘वेळ आहे’, ‘वळ’, ‘सोड’: हे शब्द त्याच्या कामाचे, कारण ते चेंडूच्या आधी पोचतात. ‘काय करतोयस?’, ‘किती वेळा सांगायचं?’ हे चेंडू गेल्यावर येतात. त्यांनी चेंडू परत मिळत नाही, उलट पुढच्या वेळी तोच खेळाडू चेंडू मागायचा बंद होतो. चुकायला घाबरलेला खेळाडू लपतो. प्रतिस्पर्ध्याच्या आडोशाला असा उभा राहतो की त्याच्याकडे पास देताच येऊ नये. अकरांतला एक लपला की तुम्ही दहाच जण खेळत असता.

गोल बसल्यावरचा एक मिनिट तर फार नाजूक. १९५८ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना आठवा. यजमान स्वीडनने चौथ्याच मिनिटाला ब्राझीलवर गोल केला. ब्राझीलच्या दिदीने जाळ्यातला चेंडू घेतला आणि घाई न करता, सहकाऱ्यांना धीर देत, चालत मध्यरेषेपर्यंत आणला. ब्राझील तो सामना ५–२ ने जिंकला. आणि दिदी कर्णधार नव्हता. कर्णधार बेलिनी होता. मला यातून फार शिकायला मिळालं. पट्टी एकाच्या दंडावर असते, पण धीर दुसऱ्याकडे असू शकतो आणि विनोद तिसऱ्याकडे. आमच्या संघात गोल बसल्यावर सगळ्यांना सावरणारा आमचा गोलरक्षक होता. त्याचं बोलणं चालू असताना मी मध्ये बोलायचो नाही.

नाणेफेकीबद्दल थोडक्यात. जिंकलात तर पहिल्या सत्रात कोणत्या गोलवर चढाई करायची किंवा सुरुवातीची किक घ्यायची, यातलं एक निवडायचं असतं. वारा आणि ऊन आधी बघून ठेवा, झालं.

पंचांच्या बाबतीत मात्र थोडं थांबतो. २०२४ च्या युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेत निर्णयाबद्दल पंचांशी बोलायला फक्त कर्णधारानेच जायचं, असं ठरवलं गेलं आणि पुढे ही पद्धत इतरत्रही पसरली. ती फार चांगली पद्धत आहे. हौशी सामन्यात बहुधा एकच पंच असतो, रेषेवर कुणी मदतनीस नसतो. चाळीस मीटरवरून त्याला ऑफसाइड ठरवायची असते. त्याच्याभोवती सहाजण जमून हातवारे करू लागले तर तो काय ऐकणार? खेळ थांबलेला असताना एकट्याने जाऊन, ‘सर, तुम्हाला काय दिसलं?’ एवढंच विचारावं. उत्तर मिळतं. ते सहकाऱ्यांना सांगितलं की त्यांचाही राग निवळतो. काही हौशी स्पर्धांत हुज्जत घालणाऱ्याला पिवळ्या कार्डासोबत थोडा वेळ बाहेर बसवतात, नव्वद मिनिटांच्या सामन्यात साधारण दहा मिनिटं. एकाचं तोंड सुटलं की बाकीच्या दहांनी दहा मिनिटं धावायचं. म्हणून तापलेल्या सहकाऱ्याला आधी आपणच हाताला धरून बाजूला न्यायचं.

दुखापतीच्या वेळी कर्णधार कसा असावा, हे जगाने १२ जून २०२१ ला पाहिलं. कोपनहेगनमध्ये डेन्मार्क आणि फिनलंडचा सामना चालू असताना डेन्मार्कचा खेळाडू ख्रिस्तियन एरिक्सन कोसळला. त्याचं हृदय थांबलं होतं. डेन्मार्कचा कर्णधार सिमॉन कियेर लगेच त्याच्याजवळ पोचला. डॉक्टर उपचार करत असताना सहकारी खेळाडू एरिक्सनभोवती कडं करून उभे राहिले, म्हणजे त्या अवस्थेत तो कॅमेऱ्यांना आणि प्रेक्षकांना दिसू नये. एरिक्सनची जोडीदार मैदानात धावत आली तेव्हा कियेर आणि गोलरक्षक श्मायकेल यांनी तिला जवळ घेऊन सावरलं. एरिक्सन वाचला, पुढे पुन्हा खेळलाही. त्याच संध्याकाळी सामना पुन्हा सुरू झाला, पण कियेरला शेवटपर्यंत खेळणं जमलं नाही, तो उत्तरार्धात बाहेर गेला. मला त्याचं ते बाहेर जाणंही मोठं वाटतं.

आपल्या सामन्यांना बहुतेक वेळा डॉक्टर नसतो. म्हणून छातीवर दाब देऊन प्राथमिक उपचार करायला कर्णधाराने तरी शिकून घ्यावं, आणि हृदयाला झटका देणारं यंत्र मैदानाजवळ कुठे आहे का, याची चौकशी सामन्याआधी करावी. आणि डोक्याला मार लागलेला खेळाडू ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी ऐकू नये. शंका आली की बाहेर, त्या दिवशी पुन्हा आत नाही. तिथे कुणी रागावलं तर रागावू दे.

पराभवानंतर लगेच भाषण करू नका, असं मी नव्या कर्णधारांना नेहमी सांगतो. ०–६ हरलेल्या माणसांना सगळं माहीत असतं. बूट काढू द्या, पाणी पिऊ द्या. सोमवारी संध्याकाळी फोन करा, तोही सगळ्यांना नाही. ज्याच्या चुकीवर गोल बसला त्याला करा आणि त्या चुकीबद्दल बोलू नका.

कर्णधारपद सोडताना मी ते एका चोवीस वर्षांच्या मुलीकडे दिलं. ती आमची मधल्या फळीतली खेळाडू, आमच्यात सर्वांत कमी बोलणारी. पट्टी दिली, हवेचा पंप दिला, सगळ्यांच्या घरच्यांचे फोन नंबर दिले आणि ती वही दिली. तिने तिथेच उभ्या उभ्या पानं चाळली, दोन नावांवर बोट ठेवलं आणि मला विचारलं, ‘हे दोघं इतके कमी का खेळलेत?’

नमस्कार.