पायाखालची जागा

नव्याने कथा लिहू लागलेली मंडळी मला पुष्कळदा सांगतात, "दोन भाऊ आहेत. एक तापट, दुसरा शांत. शेवटी ते वेगळे होतात." मी विचारतो, "का होतात?" उत्तर येतं, "स्वभावच जुळत नाहीत ना!" मला हे कधीच पटलेलं नाही. एका आईच्या पोटची दोन मुलं दोन टोकांची असणं ही घरोघरची गोष्ट आहे, आणि अशी माणसं जन्मभर भांडत एका छपराखाली राहतातही. ताटातूट व्हायची तर ते राहतात त्या जागेनंच त्यांना कोंडीत पकडावं लागतं.

जॉर्ज इलियट या इंग्रज लेखिकेची १८६० सालची 'द मिल ऑन द फ्लॉस' ही कादंबरी घ्या. टॉम आणि मॅगी ही पाणचक्कीवाल्याची मुलं. सुरुवातीलाच एक छोटा प्रसंग आहे. टॉम शिकायला दूर गेलेला, त्याच्या सशांना खायला घालायचं मॅगी विसरते आणि ससे मरतात. तो परत येतो तेव्हा ती रडत क्षमा मागते. त्याचं म्हणणं एवढंच, की काम सांगितलं होतं, ते झालं नाही. दोघांचे स्वभाव इथेच कळतात: ती कल्पनेत रमणारी, प्रेमासाठी आसुसलेली, तो हिशेबाचा, शब्दाचा पक्का. पण त्या दिवशी काही तुटत नाही. थोड्याच वेळात दोघं एकमेकांना बिलगून केक खातात.

मग तुटतं केव्हा? नदीच्या पाण्यावरून वडील कोर्टात जातात, हरतात, चक्की हातची जाते. आता टॉमचा काटेकोरपणा घराची अब्रू राखायला जुंपला जातो आणि मॅगीचा जीव जडतो तो नेमका शत्रूच्या मुलावर. गावही लहान, तिथे गुपित राहत नाही. पुढे दुसऱ्याच एका तरुणाबरोबर नावेतून वाहत ती फार दूर जाते. लग्न न करताच परतते, तेव्हा परत मिळवलेल्या चक्कीवर टॉम तिला घरात घेत नाही. हाच तो मुलगा, ससे मेले तेव्हाचा. फरक इतकाच, की आता त्याच्या पाठीशी सगळं गाव उभं आहे. तिच्या पाठीशी फक्त आई, जी तिच्याबरोबर बाहेर पडते. मला हे पान अजूनही सलग वाचवत नाही.

याच्या उलट जेन ऑस्टिन यांची १८११ मधली 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'. एलिनॉर आणि मेरिअॅन याही दोन टोकांच्या. पण मोठं घर सुटतं आणि त्या आईबरोबर एका लहान घरात येऊन पडतात. एकीनं मन मोकळं सोडायचं, दुसरीनं ओठ आवळायचे, हे तिथेही चालूच राहतं, तरी बहिणी एकमेकींना धरून राहतात. म्हणून लिहिताना मी आधी विचारतो: यांना दार लावून घेण्याची मुभा या घरात आहे का? लावलं, तर बाहेर कोण बघतंय?

इलियट यांच्याकडे शेवटी पूर येतो. मॅगी एकटी नाव वल्हवत चक्कीपाशी पोहोचते. टॉम वरच्या खिडकीतून नावेत उतरतो. ज्या दारातून त्यानं तिला परतवून लावलं, त्याचा आता काहीच उपयोग उरलेला नसतो. अवतीभवती नुसतं पाणी. खूप वेळ त्याला बोलता येत नाही. मग तो तिला लहानपणीच्या नावानं हाक मारतो: "मॅग्सी!"