रेग्युलर की बाहेरून?

रात्रीचे साडेनऊ. नाशिकच्या सातपूरमधल्या दोन खोल्यांच्या घरात भांडी घासून झालीत. ताई ओट्याजवळच बसते, मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवते, कानात इअरफोन घालते. एमकॉमचं लेक्चर सुरू होतं. सकाळी सातला पुन्हा कंपनीत पहिली पाळी.

बीकॉमही तिनं असंच केलं, ऑनलाइन. मागच्या महिन्यात अकाउंट्सच्या जागेसाठी मुलाखत होती. गुणपत्रिका चाळत साहेबांनी विचारलं, "रेग्युलर की बाहेरून?" उत्तर ऐकलं आणि फाइल मिटली.

हा प्रश्न नाशिकमध्ये विचारला जावा, याचं जास्त वाईट वाटतं. गंगापूर धरणाच्या वाटेवर, गोवर्धनला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. 1989 साली ते सुरू झालं. राम ताकवले पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. तेव्हा मोबाइल नव्हते, पुस्तकं टपालानं यायची. ज्यांची दहावी-बारावी हुकली, त्यांनाही पूर्वतयारीच्या वाटेनं पदवीचं दार उघडलं गेलं.

आणि नियम? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2020 च्या विनियमांत लिहिलंय, 2022 मध्ये आयोगानं पुन्हा जाहीर सांगितलंय: मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुलांनाही एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरून करता येतात.

मात्र 'मान्यताप्राप्त' या शब्दाकडे डोळेझाक नको. जाहिरात पाहून फी भरू नका. आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या संकेतस्थळावर संस्था, अभ्यासक्रम आणि प्रवेशाचं सत्र, तिन्ही तपासा. इंजिनिअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, कायदा या पदव्यांना ऑनलाइन परवानगी नाही, आणि ते बरोबरच आहे. सलाइन लावायला पडद्यावर बघून कसं शिकणार? पण जमाखर्च, इतिहास, मराठी? ते शिकायला बाकच हवा, असं कुठंय?

ताईनं आयोगाच्या त्या सूचनेची प्रिंट काढून आणलीय. 'समकक्ष' या शब्दाखाली निळ्या पेनानं रेघ मारून कागद फाइलमध्ये सगळ्यात वर, गुणपत्रिकेच्याही आधी लावलाय.

सोमवारी अंबडला दुसरी मुलाखत आहे.